होसे ओर्तिझची हॉरर कॉमिक्स वाचायची असतील तर सुरुवात कुठून करायची

ओर्तिझ वाचायचं ठरवलं की बहुतेकांची एकच पंचाईत होते. क्रीपी-ईरी या अमेरिकन हॉरर मासिकांच्या जमान्यातला स्पॅनिश चित्रकार, हॉररवाला, एवढं ऐकलेलं असतं, मग नाव टाकून शोधलं की समोर येतो नुसता ढीग: व्हायकिंग, वकीलबाई, जंगलातला हीरो, जगबुडीनंतरचा भटक्या, काउबॉय, मधेच भुताची बिल्डिंग. मग वाटतं, यातला हॉररवाला नेमका कुठला, आणि बाकीचं सोडून द्यायचं का?

सोडू नका. माझं तर स्पष्ट मत आहे की ओर्तिझचं हॉरर त्याच्या बाकीच्या कामापासून वेगळं काढलं तर अर्धंच कळतं, कारण या माणसाची भीती राक्षसांतून येत नाही, थकलेल्या, उपाशी, कोपऱ्यात सापडलेल्या माणसांच्या चेहऱ्यांतून येते, आणि ते चेहरे काढायला तो शिकला हॉररच्या कितीतरी आधी, रोजंदारीच्या कामात. म्हणून हा जो रस्ता सांगतोय तो तारखेप्रमाणे नाहीये. आधी मधे उडी मारायची, मग मागे जायचं, मग शेवटाकडे. असं का ते पुढे येईलच.

आधी ओळख थोडक्यात. होसे ओर्तिझ मोया, जन्म १९३२, कार्ताहेना, स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. 'चीकोस' नावाच्या मासिकाची स्पर्धा जिंकून १९४८ मध्ये धंद्यात आला, म्हणजे पोरगा सोळा वर्षांचा पण नव्हता धड. गेला डिसेंबर २०१३ मध्ये, व्हॅलेन्सियात. मधली साठेक वर्षं स्पेन, ब्रिटन, अमेरिका, परत स्पेन, परत ब्रिटन आणि शेवटी इटली, असं पाच-सहा बाजारांसाठी काढत राहिला. बाजार म्हणतोय कारण खरंच तसंच होतं, बहुतेक वेळ तो स्पेनमध्ये बसून काढायचा आणि पानं पोस्टाने परदेशी जायची.

शोधताना एक लक्षात ठेवा, नुसतं 'होसे ओर्तिझ' टाकू नका, या नावाची माणसं पैशाला पासरी आहेत, गायक, खेळाडू, राजकारणी सगळे निघतात. 'होसे ओर्तिझ मोया' टाका आणि सोबत मासिकाचं नाव द्या. ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर अंकाप्रमाणे यादी मिळते, स्पॅनिश अंकांसाठी तेबेओस्फेरा ही साइट बघा, आणि आयुष्याचा सारांश हवा असेल तर लांबीकचा कॉमिक्स-कोश. तिन्ही उघडून ठेवा, एकावर विसंबू नका, कारण जुन्या अंकांच्या नोंदीत तफावत असते.

पहिलं वाचायचं: तेरावा मजला

होय, अमेरिकन क्रीपी नाही, व्हॅम्पिरेला पण नाही. 'द थर्टीन्थ फ्लोर'. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये 'स्क्रीम' नावाचं मुलांचं हॉरर साप्ताहिक निघालं, मार्च ते जून एवढंच चाललं, एकूण १५ अंक, त्यात ही मालिका होती. लेखक जॉन वॅग्नर आणि ॲलन ग्रँट, टोपणनावाने लिहिलेली. साप्ताहिक बंद पडलं तरी मालिका इतकी चालली होती की 'ईगल' या दुसऱ्या ब्रिटिश साप्ताहिकात घेतली गेली आणि तिथे आणखी काही वर्षं सुरू राहिली.

गोष्ट अशी की मॅक्सवेल टॉवर नावाची उंच इमारत, सांभाळणारा कॉम्प्युटर मॅक्स, आणि मॅक्सचं आपल्या भाडेकरूंवर जिवापाड प्रेम. अशुभ म्हणून त्या इमारतीला तेरावा मजलाच नाहीये. पण कोणी भाडेकरूंना त्रास दिला तर मॅक्स त्या माणसाला लिफ्टमध्ये घेतो आणि दार उघडतं ते थेट तेराव्या मजल्यावर, जो मॅक्सने स्वतः तयार केलाय, आभासी, आणि तिथे त्या माणसाला त्याच्या कर्माप्रमाणे घाबरवलं जातं. पहिलाच गिऱ्हाईक म्हणजे केम्प नावाचा वसुलीवाला, एका बाईच्या आणि तिच्या मुलाच्या मागे लागलेला. मॅक्सला त्याला फक्त धडा शिकवायचा असतो, पण केम्पचं हृदयच बंद पडतं. पुढची सगळी मालिका त्या एका मृतदेहावरून सुरू होते, कारण आता मॅक्सला लपवालपवी करावी लागते, आणि त्यासाठी तो माणसांना संमोहित करून वापरतो.

हे पहिलं का, तर तीन कारणं. एक, इंग्रजीत आहे आणि रिबेलियनने २०१८ पासून जुन्या ब्रिटिश कॉमिक्सच्या मालेत पुस्तकरूपात काढलंय, म्हणजे चोरट्या स्कॅनच्या मागे लागायची गरज नाही. दोन, भाग अगदी छोटे छोटे आहेत, दर भागाला काही पानंच, त्यामुळे नजर दमत नाही. आणि तिसरं महत्त्वाचं, यात तुम्हाला ओर्तिझची मुख्य करामत एकदम उघडी दिसते: गुन्हेगार आत शिरताना त्याचा चेहरा आणि बाहेर पडतानाचा चेहरा. राक्षस, सांगाडे, किडे सगळं आहे मधे, पण ते थोडा वेळ झाकून ठेवा आणि फक्त चेहरे बघत जा. गुर्मी, मग शंका, मग घाम, मग तोंड वासलेलं, मग लहान पोरासारखं रडणं. सगळी भीती तिथे आहे. मला वाटतं हे काम मुलांसाठी केलं म्हणून लोक कमी लेखतात, पण चेहऱ्यांच्या बाबतीत ते त्याच्या अमेरिकन कामाच्या तोडीस तोड आहे.

एक टीप: सलग वाचू नका. साप्ताहिकासाठी बनवलंय ते, दर भागात आधीची उजळणी असते, मांडणी परत परत तीच येते, एका बैठकीत पुस्तक संपवलं तर कंटाळा येईल आणि दोष ओर्तिझला जाईल. दिवसाला दोन-तीन भाग, बस.

मग ईरी, १९७४-७५

आता अमेरिकेकडे. इथे थोडा इतिहास घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण स्पॅनिश चित्रकार न्यूयॉर्कच्या हॉरर मासिकांत का भरले होते हेच आधी कळायला हवं.

अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्स कोड आला, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, आणि रंगीत कॉमिक बुकांतलं हॉरर जवळपास मेलं. जेम्स वॉरेनने पळवाट काढली: मोठ्या आकाराचं, काळं-पांढरं, मासिक म्हणून विकायचं, मग कोड लागूच होत नाही. क्रीपी १९६४, पाठोपाठ ईरी, आणि १९६९ ला व्हॅम्पिरेला. सुरुवातीला अमेरिकन दिग्गज होते, पण पैशांची चणचण झाली आणि ते पांगले, मासिकं जुन्या कथा परत छापून दिवस काढायला लागली. तेव्हा बार्सिलोनाचा जोसेप तौताइन नावाचा एजंट पुढे आला, त्याची 'सेलेक्सिओनेस इलुस्त्रादास' ही एजन्सी आधीपासून ब्रिटन आणि युरोपला चित्रकार पुरवत होती. १९७१ पासून त्याची माणसं वॉरेनमध्ये दिसायला लागली, एस्तेबान मारोतो, पेपे गोन्सालेस, होसेप मारिया बेआ, लुइस गार्सिया वगैरे. वॉरेनला कमी पैशात कसलेले हात मिळाले, आणि स्पेनमधल्या चित्रकाराला डॉलरमध्ये मिळणारे ते पैसे स्थानिक दरापेक्षा बरे वाटायचे. दोघांचं जमलं. फक्त हक्क सगळे प्रकाशकाकडे, हे विसरू नका, पुढे त्याचा संबंध येतो.

ओर्तिझ या पहिल्या लाटेत नव्हता. तो आला १९७४ मध्ये, व्हॅलेन्सियाच्या गटातून, सोबत लुइस बेर्मेहो आणि लिओपोल्द सांचेझ. आणि आल्यावर जे काढायला लागला ते थांबलाच नाही, १९८३ मध्ये वॉरेन बुडेपर्यंत १२० च्या आसपास कथा. वॉरेनसाठी इतक्या कथा दुसऱ्या कोणीच काढल्या नाहीत. विचार करा, मारोतो नाही, गोन्सालेस नाही, ज्यांची नावं आधी घेतली जातात त्यांच्यातलं कोणी नाही, तर हा.

१२० कथांतून सुरुवात कुठून करायची? ईरीच्या ६० ते ६५ क्रमांकाच्या अंकांमधून. डार्क हॉर्सने ईरीचे जुने अंक जाड पुठ्ठ्याच्या खंडांत परत काढलेत, विकत किंवा लायब्ररीतून घेताना खंडाचा नंबर बघू नका, आत मूळ अंक कुठले आहेत ते बघा, वर्णनात दिलेलं असतं. या अंकांत दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली 'अपोकॅलिप्स', लेखक बड लुइस. चार भाग, बायबलमधले जगाच्या अंताचे चार घोडेस्वार: युद्ध, दुष्काळ, साथ, मृत्यू. यातला दुष्काळाचा भाग सगळ्यात आधी वाचा आणि संथपणे वाचा. तिथे राक्षस नाही, भूत नाही. भूक आहे. ओर्तिझ भुकेचं शरीर असं काढतो की हाडं मोजता येतात पण ते शरीर शोभेचं होत नाही, दयेचं पण होत नाही, ते माणसाचंच राहतं. १९३२ मध्ये जन्मलेल्या, यादवी युद्धात आणि नंतरच्या टंचाईच्या वर्षांत लहानपण गेलेल्या स्पॅनिश माणसाने हे काढलंय, हे वाचताना मनात राहतंच. त्याने हे कुठून आणलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ते पान बघून परकेपणा अजिबात वाटत नाही.

दुसरी 'नाइट ऑफ द जॅकॅस', लेखक ब्रूस बेझेअर. व्हिक्टोरियन इंग्लंड, 'जेकिल आणि हाइड'च्या गोष्टीतलं ते माणसाचा हाइड करणारं औषध बाजारात पसरलंय, आणि ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही ती माणसं ते घेऊन दिवसभरापुरती जनावर होतात. इथे ओर्तिझला गर्दी मिळालीय, गल्ल्या, हॉटेलचे जिने, बंद दारं. तुम्ही तेरावा मजला आधी वाचला असेल तर इथे लगेच जाणवेल की बंद इमारतीत अडकलेल्या माणसांची ही भीती त्याने नऊ-दहा वर्षं आधीच घोटून ठेवली होती.

जमलं तर त्याच सुमाराची 'कॉफिन' पण बघा, ती पण बड लुइसची, वेस्टर्न आहे, मुंग्यांनी खाल्लेला आणि तरी न मरणारा माणूस. ही कशासाठी तर पुढे इटलीच्या काउबॉयपर्यंत पोचायचंय, त्याची पहिली चाहूल इथे लागते.

बाकीच्या शंभरेक कथा? आवडीप्रमाणे. सगळ्याच चांगल्या नाहीत, काही सरळ सरळ घाईच्या आहेत, पार्श्वभूमी रिकामी, माणसं एकाच कोनातून. महिन्याला एवढी पानं काढणाऱ्याचं असंच होणार. पण घाईतलं पान सुद्धा वाचता येतं, गोष्ट कुठे अडखळत नाही, आणि हे सुंदर चित्र काढण्यापेक्षा अवघड आहे असं मला नेहमी वाटतं. त्याच्या बाजूला मारोतोचं पान ठेवून बघा. मारोतोचं पान दागिन्यासारखं, केस, कपडे, धूर सगळं वळणावळणाने वाहणारं, नजर तिथेच खिळते आणि गोष्ट थांबते. गोन्सालेसची व्हॅम्पिरेला म्हणजे चेहऱ्याची आणि उभं राहण्याची अदा. बेआ स्वप्नातल्यासारखा विचित्र. ओर्तिझ या तिघांपेक्षा कमी देखणा आहे, आणि तिघांपेक्षा जास्त ओढून नेतो.

पान बघायचं कसं

वाचणं आणि बघणं वेगळं आहे, आणि ओर्तिझच्या बाबतीत बघायला मुद्दाम वेळ काढावा लागतो कारण तो चमकोगिरी करत नाही.

एक चांगलं पान निवडा, दुष्काळाच्या भागातलंच घ्या. मोबाइलवर फोटो काढा आणि इतका लहान करा की अक्षरं वाचता येणार नाहीत. आता उरतात फक्त काळे डाग. ते डाग कुठून सुरू होऊन कुठे जातात ते बघा. बहुतेक वेळा दिसेल की वरच्या चौकटीतला काळा भाग खालच्या चौकटीतल्या काळ्याशी बोलतोय, आणि पांढरी जागा नेमकी तिथे सोडलीय जिथे चेहरा किंवा हात आहे. म्हणजे तुम्ही गोष्ट वाचायच्या आधीच डोळ्याला रस्ता दाखवलेला असतो.

मग फोटो मोठा करा, एकच चेहरा, पडदाभर. डोळ्यांच्या खोबणीत बघा. कितीदा तरी डोळा पूर्ण काढलेलाच नसतो, भुवईखाली काळा डाग आणि त्यात एक पांढरा ठिपका, झालं. गालावर ब्रशची रेघ जाड सुरू होते, मधेच तुटते, कागदाचा पोत दिसतो, परत लागते. हे ब्रश जवळजवळ कोरडा झाल्यावर होतं. शाईत बुडवून, टिश्यूवर पुसून, उरलेल्या शाईवर ओढलं की अशी रेघ येते, आणि दाढीचे खुंट, फाटका कोट, जुनं लाकूड, चिखल या सगळ्यासाठी तो असाच पोत वापरतो. म्हणूनच त्याच्या जगात माणूस आणि भिंत एकाच मळाची वाटतात. स्वतः करून बघा, चित्रकार नसलात तरी. लहान गोल ब्रश, काळी वॉटरप्रूफ शाई, थोडा खरबरीत कागद, आणि त्याचा एकच चेहरा, मोठा करून. पेन्सिलने बाह्यरेषा अगदी हलकी घ्या, मग आधी काळे भरा, रेघा नंतर. उलट केलंत, म्हणजे आधी सगळ्या रेघा आणि मग काळं, तर चेहरा रंगवायच्या पुस्तकातल्यासारखा होतो आणि जीव जातो. हे एकदा हाताने केलं की त्याच्या पानाकडे बघायची नजर बदलते, नुसतं वाचून तेवढं होत नाही.

हात बघायला विसरू नका. ओर्तिझचे हात कायम काहीतरी करत असतात, दाराची कडी, टोपीची कड, दुसऱ्याची कॉलर. रिकामा लोंबणारा हात त्याच्याकडे क्वचित, आणि जिथे असतो तिथे बहुधा तो माणूस हरलेला असतो.

आता मागे जा

आता पन्नासचं दशक. इथे एकच सांगतो, सगळं वाचायला जाऊ नका, मिळणार पण नाही. व्हॅलेन्सियाच्या मागा या प्रकाशनासाठी 'पान्तेरा नेग्रा', तोराय या प्रकाशनासाठी १९५८ चा 'सिगुर एल व्हिकिंगो', अशा छोट्या आडव्या पुस्तिका असायच्या, स्वस्त कागद, फटाफट साहस. तेबेओस्फेरावर मुखपृष्ठं आणि काही पानं बघायला मिळतात, तेवढी पुरे. त्यात तोच माणूस ओळखता येतो का बघा. रेघ स्वच्छ आहे, हीरो दाढी केलेला आहे, पण गर्दी, घोडे, हाणामारी यातला वेग आधीच आलेला आहे.

मग ब्रिटन, साठचं दशक. 'डेली एक्सप्रेस' या वर्तमानपत्रात 'कॅरोलिन बेकर' नावाची रोजची चित्रपट्टी, ती सुरुवातीला म्हटलेली वकीलबाई. मुलांच्या साप्ताहिकांत 'फँटम व्हायकिंग'. रोजच्या पट्टीचं महत्त्व काय तर तीन-चार चौकटींत रोज एक संभाषण उभं करायचं, कोणी ओरडत नाही, कोणी मरत नाही, फक्त माणसं बोलतात, आणि तरी वाचक उद्या परत आला पाहिजे. चेहऱ्यावरचे बारीक बदल काढायची ही तालीम आहे. केम्पचा घाम फुटलेला चेहरा मला तिथून आलेला दिसतो.

इथे एक अडचण येते ती सांगून ठेवतो. ब्रिटिश साप्ताहिकांत बऱ्याच वर्षांपर्यंत चित्रकाराचं नावच छापत नसत. त्यामुळे कुठलं पान कोणाचं हे पुढे चाहत्यांनी शैलीवरून ठरवलंय, आणि स्पॅनिश चित्रकार एकमेकांच्या कामाला हातभार पण लावायचे. कोणी 'हे ओर्तिझचं' म्हणालं की वर सांगितलेल्या तीन गोष्टी तपासा: काळ्याचा रस्ता, डोळ्याची खोबण, हात. तिन्ही जुळत नसतील तर वहीत प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला.

वही म्हणालो, तर ती खरंच ठेवा. साल, मासिक, लेखक, रंगीत की काळं-पांढरं, आणि हक्क कोणाचे. अमेरिकन मासिकांच्या मुखपृष्ठावरचा महिना हा प्रत्यक्ष विक्रीच्या काही महिने पुढचा असायचा, आणि चित्र त्याच्याही आधीचं, त्यामुळे महिन्याच्या हिशोबावर फार मोठे निष्कर्ष काढू नका. शिवाय वॉरेनने पुनर्मुद्रणाचे अंक ढिगाने काढले, तीच कथा दोन-तीन ठिकाणी दिसते, पहिली तारीख कुठली ते बघून घ्या. आणि स्पॅनिश आवृत्त्या वेगळ्याच. क्रीपीमधला माल स्पेनमध्ये १९७१ पासून 'व्हाम्पुस' नावाने यायचा, पुढे 'रुफुस' आलं, आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत होता, म्हणजे सेन्सॉर होता. म्हणजे बघा, स्पॅनिश माणसाने स्पेनमध्ये बसून काढलेली चित्रं अमेरिकेत आधी छापली जायची आणि घरी यायची ती उशिरा, आणि वर सेन्सॉरच्या नजरेखालून. एखादी कथा दोन्ही आवृत्त्यांत मिळाली तर पानं शेजारी ठेवून मोजून बघा.

ओम्ब्रे, आणि स्वतःचं मासिक

फ्रँको गेल्यावर स्पेनमध्ये मोठ्यांच्या कॉमिक्सची एकदम लाट आली. तौताइनने १९७८ मध्ये '१९८४' नावाचं मासिक काढलं, मग 'एल व्हीबोरा', 'सिमोक' अशी रांग लागली. आणि १९८१ मध्ये सिमोकमध्ये ओर्तिझ आणि लेखक अंतोनियो सेगुरा यांची 'ओम्ब्रे' सुरू झाली.

माझ्या मते ओर्तिझचं हे सगळ्यात मोठं काम आणि याला कोणी हॉरर म्हणत नाही म्हणून हॉररवाले चुकवतात. जग संपलंय, शहरं पडलीत, एक माणूस भटकतो, कोणाची बाजू घेत नाही आणि तरी दरवेळी घ्यावी लागते. 'अपोकॅलिप्स' वाचून इथे आलात तर सरळ रेषा दिसेल: तिथे चार भागांत जी भूक आणि साथ होती ती इथे रोजचं जगणं झालीय. फरक इतकाच की इथे लेखक त्याच्याच देशातला आहे, वाचक त्याचेच आहेत, आणि घाई कमी आहे. त्याचा हात पहिल्यांदा सैल झालेला दिसतो. पडक्या भिंती, तारा, गंजलेल्या गाड्या काढायला त्याला इतकी मजा आलीय की पानावर कळतं. स्पॅनिश येत नसेल तरी घ्या, आधी नुसती चित्रं वाचा, मग भाषांतराचं ॲप लावून परत वाचा, अडत नाही. सेगुराबरोबरचं बाकीचं पण आहे, जॅक द रिपरवरचं, 'बर्टन आणि सिब' हे विनोदी अंगाचं विज्ञानकाल्पनिक, 'मॉर्गन'. ओम्ब्रे आवडलं तर मग ते.

१९८३ मध्ये तो, सेगुरा, लिओपोल्द सांचेझ, जोर्दी बेर्नेत, मानफ्रेद सोमर अशा मंडळींनी मिळून 'मेत्रोपोल' काढलं, चित्रकारांचं स्वतःचं मासिक, स्वतःचे हक्क. फार काळ चाललं नाही. पण ज्या माणसाने शंभरावर कथा काढल्या आणि त्यातली एकही स्वतःच्या मालकीची नव्हती, त्याने पन्नाशी गाठल्यावर हा प्रयत्न करावा, यासाठी मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. त्याच सुमाराला तो ब्रिटनसाठी पण काढत होता, नव्या ईगलमध्ये 'टॉवर किंग' आणि 'हाउस ऑफ डेमन', मग तेरावा मजला, पुढे '२००० एडी' या साप्ताहिकात 'रोग ट्रूपर'. यातलं 'हाउस ऑफ डेमन' हॉररवाल्यांनी शोधून वाचावं, ते पण वॅग्नर-ग्रँट जोडीचंच, घरातच अडकवणारं भूत. वर्ष लावून बघितलं तर कळतं की आपण सगळ्यात आधी वाचलेला तेरावा मजला हे ५१-५२ वर्षांच्या मुरलेल्या माणसाचं काम आहे, आणि आता ते परत उघडून पहिले दोन भाग वाचा, कारण यावेळी तुम्हाला मागचं सगळं त्यात दिसेल.

शेवटी इटली

स्पॅनिश मासिकांची लाट ओसरली आणि नव्वदच्या दशकात ओर्तिझ इटलीच्या बोनेल्लीकडे गेला. बोनेल्ली म्हणजे जाडजूड काळ्या-पांढऱ्या पुस्तिका, दर महिन्याला, टपरीवर मिळणाऱ्या. तिथे 'केन पार्कर', आणि मुख्य म्हणजे 'टेक्स', इटलीचा सगळ्यात लाडका काउबॉय. १९९३ ला टेक्सचा मोठ्या आकाराचा खास अंक त्याने काढला, 'ला ग्रांदे रापिना', लेखक क्लाउदिओ निझ्झी. हा अंक मोठ्या पानावर मिळाला तर जरूर घ्या, कोरड्या ब्रशची ती तुटकी रेघ या आकारात जशी दिसते तशी छोट्या पुस्तिकेत दिसत नाही, वाळू, घोड्याचा घाम, लाकडी फळ्या सगळं त्या एकाच रेघेतून.

आणि हॉररच हवं असेल तर 'माजिको व्हेंतो'. जानफ्रांको मानफ्रेदीची मालिका, १९९७ पासून, वेस्टर्न आणि हॉरर एकत्र, अपघातातून वाचून अमेरिकेतल्या सू या आदिवासी जमातीचा शमन, म्हणजे मांत्रिक, झालेला एक सैनिक. ओर्तिझने यातले काही अंक काढलेत. सगळी मालिका घ्यायची गरज नाही, प्रत्येक अंकाच्या आत चित्रकाराचं नाव दिलेलं असतं, ब्रिटिश साप्ताहिकांसारखी ओळखायची कसरत करावी लागत नाही, त्याचे तेवढे निवडा. 'कॉफिन' वाचलेली असेल तर ती शेजारी ठेवा. पंचवीसेक वर्षांचं अंतर आहे दोन्हींत. चाळिशीत तो काळं जास्त ओतायचा, उतारवयात पांढरं जास्त सोडतो, रेघा कमी झाल्यात, पण टोपीच्या कडेखाली डोळ्यांच्या जागी तोच काळा डाग आणि त्यात तोच एक पांढरा ठिपका सापडतो का ते बघा, आणि सापडला की त्या अंकाचा नंबर वहीत लिहून ठेवा.